गृहपाठ मुलांचा राहू द्या

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र,
कुमठेकर मार्ग, सदाशिव पेठ, पुणे

महोदय,



हे पत्र पहिली ते पाचवीच्या मुलांना दर आठवड्याला मिळणाऱ्या गृहपाठाबद्दल आहे. आपल्या कार्यालयातून निघालं तर कसबा गणपती चालत अर्ध्या तासाच्या आत येतो. त्या भागात मी राहते. प्राथमिक शाळेत शिकवून निवृत्त झाले आणि आता संध्याकाळी आसपासची मुलं दप्तर घेऊन माझ्याकडे येऊन बसतात. त्यांच्या दप्तरातून आणि त्यांच्या आयांच्या मोबाईलवर जे दिसतं, ते तुमच्यापर्यंत पोहोचायला हवं असं वाटलं. राज्यात काय शिकवावं आणि ते मुलांना आलं की नाही हे कसं पाहावं, हे ठरवण्याची जबाबदारी शिक्षण हक्क कायद्यानुसार आपल्या परिषदेकडे आहे. म्हणून कोणा एका शाळेकडे बोट न दाखवता थेट आपल्याला लिहिते आहे.

शनिवारी शाळा सुटली की वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आठवड्याच्या अभ्यासाचा फोटो येतो. मध्यंतरी तिसरीतल्या एका मुलीला आलेली यादी मी पाहिली. मराठीच्या दोन धड्यांची प्रश्नोत्तरं, रोज एक पान शुद्धलेखन, अकरा ते वीसचे पाढे दोन वेळा लिहून, इंग्रजी स्पेलिंग प्रत्येकी पाच वेळा, आणि परिसर अभ्यासासाठी 'आपले मदतनीस' असा रंगीत तक्ता, चित्रं चिकटवून. ही मुलगी कुंभारवाड्याला लागून असलेल्या गल्लीत राहते. तक्त्यासाठी कुंभाराचं चित्र हवं म्हणून तिची आई कामावरून परस्पर अप्पा बळवंत चौकात गेली. तिथे अशा चित्रांचे छापील कागद मिळतात. कुंभार, सुतार, लोहार, पोस्टमन, डॉक्टर, सगळे एकाच मापाचे. चित्रं आईनं कापली, मामानं चिकटवली, खालची नावं मोठ्या भावानं स्केचपेननं लिहिली. तोवर मुलगी झोपून गेली होती. सोमवारी तक्त्यावर 'छान' असा शेरा आला.

मला त्या शेऱ्याचं फार वाईट वाटलं. बाईंनी तो मनापासूनच दिला असणार. पण त्या तक्त्यातून मुलीला काय येतं आणि काय येत नाही, हे बाईंना कळायला काही वाव नव्हता, आणि मुलीला स्वतःच्या गल्लीतल्या कुंभाराशी दोन शब्द बोलायचं कारणही मिळालं नाही.

याबद्दल नियम नाहीत, असं कोणी म्हणू शकणार नाही. लेखक आर. के. नारायण 1989 मध्ये राज्यसभेत पहिल्यांदा बोलायला उभे राहिले तेव्हा त्यांनी मुलांच्या पाठीवरच्या दप्तराचा विषय काढला होता. पुढे प्राध्यापक यशपाल यांच्या समितीने 1993 मध्ये अहवाल दिला, त्यात प्राथमिक वर्गांना गृहपाठ देऊ नये, द्यायचाच तर घरच्या परिसरात काही शोधून पाहण्यापुरता द्यावा, असं स्वच्छ म्हटलं आहे. 2018 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने पहिली-दुसरीच्या गृहपाठाला मनाई केली आणि त्याच वर्षी केंद्रानेही तशा सूचना दिल्या. 2020 च्या राष्ट्रीय दप्तर धोरणात तर तासच ठरवून दिले. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. दुसरीपर्यंतच्या मुलांनी काल संध्याकाळ कशी घालवली, काय खेळलो, हे वर्गात येऊन सांगावं, अशी सूचना त्याच धोरणात आहे. मला ती सगळ्यात मोलाची वाटते आणि तिच्याबद्दल कोणी बोलताना मी ऐकलेलं नाही.

वर सांगितलेली यादी त्या मुलीला स्वतः करायची झाली तर दोन तास कुठून पुरणार? नुसतं शुद्धलेखन आणि पाढे यांतच आठवड्याचे तास संपतात. शिवाय प्रत्येक विषयाच्या शिक्षकाला वाटतं की आपण थोडंच दिलं आहे. सगळ्या विषयांची बेरीज शाळेत कोणी करत नाही. ती रात्री साडेनऊला घरात होते. फेब्रुवारी 2024 मध्ये शासनाने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं, ते मुलांची झोप पूर्ण व्हावी म्हणून. सकाळी दिलेली ही झोप आपण रात्री वहीपायी काढून घेतो आहोत.

नियम असूनही हे का चालतं, याचा विचार शिक्षिका म्हणून मी पुष्कळ केला आहे. एक कारण आपल्या मूल्यमापनात आहे. 2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं तेव्हा आम्हा शिक्षकांना ते हवंहवंसं वाटलं होतं. एका परीक्षेवर मुलाचं वर्ष ठरू नये, हा त्यामागचा विचार खराच चांगला होता. दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय अशी साधनं दिली आणि तिसरी-चौथीला शंभरातले साठ गुण या आकारिक भागाला ठेवले. पण निरीक्षण आणि तोंडीकाम यांचा कागद दाखवता येत नाही. तपासणीला कोणी आलं तर काय दाखवायचं? तक्ता दाखवता येतो, वही दाखवता येते. म्हणून हळूहळू सगळा भार प्रकल्प आणि लेखी स्वाध्याय यांच्यावर आला, आणि प्रकल्प वर्गात करायला वेळ नाही म्हणून तो घरी गेला. अप्पा बळवंत चौकातल्या छापील चित्रांना गिऱ्हाईक तिथून मिळालं. यात शिक्षकाची लबाडी नाही. वेगवेगळी ऑनलाइन माहिती भरायची, सर्वेक्षणं करायची, कधी एकाच वेळी दोन वर्ग सांभाळायचे, अशा शिक्षकाला कागद हाच पुरावा उरतो.

आता घराकडे बघू. कसब्यात अजून वाडे आहेत आणि वाड्यांत एका-दोन खोल्यांची बिऱ्हाडं आहेत. जमीन खोदून मेट्रो आली, कसबा पेठ नावाचं स्थानक झालं, जुने वाडे पाडून इमारती उभ्या राहत आहेत, तरी या खोल्यांतली माणसं तीच आहेत. आई दोन-चार घरी स्वयंपाकाची कामं करते. वडील मंडईत किंवा दुकानात. दोघं परततात तेव्हा आठ वाजून गेलेले असतात. टीव्ही, गॅस आणि अभ्यास एकाच खोलीत. अशा घरातल्या आणि शेजारच्या इमारतीतल्या, आई-वडील दोघंही शिकलेल्या घरातल्या मुलाला सोमवारी एकच माप लावलं जातं. ज्याच्या घरी करून घेणारं माणूस आहे त्याची वही पूर्ण, ज्याच्या घरी नाही त्याची अपुरी. शाळेत ज्याला सगळ्यात जास्त मदतीची गरज आहे त्याच्याच वहीवर लाल शेरा येतो. मग आई पोटाला चिमटा घेऊन शिकवणी लावते. गल्लोगल्ली चालणाऱ्या या शिकवण्यांत बऱ्याचदा शाळेचा गृहपाठ पुरा करून देणं एवढंच काम होतं. मूल चार तास शाळेत, दोन तास शिकवणीत, आणि खेळायला मात्र अंधार पडल्यावर.

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे हॅरिस कूपर आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 मध्ये तिथल्या सोळा-सतरा वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. गृहपाठाचा आणि प्रगतीचा संबंध सातवीपासून पुढच्या वर्गांत ठळक दिसतो आणि खालच्या वर्गांत फारच क्षीण, असं त्यात आढळलं. लहान वर्गांना शिकवलेल्या कोणत्याही बाईंना हे वाचून नवल वाटणार नाही.

तरीही घरी शिकूच नये, असं मी म्हणत नाही. महाराष्ट्राला घरच्या शिक्षणाची जुनी सवय आहे. माझ्या लहानपणी दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा व्हायचा. पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. आजोबा खाटेवर, आम्ही सगळी भावंडं जमिनीवर. आज कोणी त्या परवचाचे गोडवे गातं तेव्हा मला दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. एक म्हणजे तो थोड्याच घरांत होता. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षर शिरू दिलं नव्हतं, तिथे परवचा कुठून येणार? दुसरं, त्यात धाकही पुष्कळ होता, आणि पाऊणकी म्हणजे काय हे न समजता ती पाठ म्हणणारी मुलंही पुष्कळ होती. पण एक गोष्ट त्यात अस्सल होती. त्यात काही लिहायचं नव्हतं, काही विकत आणायचं नव्हतं, आणि घरातलं एक मोठं माणूस रोज थोडा वेळ मुलाकडे कान देऊन बसायचं. ते कान देणं आजच्या गृहपाठात उरलेलं नाही.

घरी अभ्यास कसा होतो, हे आपल्या परिषदेलाही एकदा जवळून दिसलं आहे. मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या आणि दुसऱ्या दिवशी मुलांना काय द्यायचं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. तेव्हा आपल्याकडून रोज अभ्यासमालेच्या लिंका येऊ लागल्या. नोव्हेंबर 2020 मध्ये 'स्वाध्याय' सुरू झाला. आठवड्यातून एकदा व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न, मुलानं पर्यायांतून उत्तरं निवडायची. त्या काळात घाईनं उभं केलेलं ते काम मी कमी लेखत नाही. आठवड्याची लय त्यात बरोबर पकडली होती. पण आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांत मोबाईल एकच, तो वडिलांच्या खिशात, आणि वडील घरी येत रात्री. पर्यायावर बोट कोणाचं पडलं हे कोणाला कळणार? सह्याद्री वाहिनीवर जुलै 2020 पासून लागणारी 'टिलिमिली' मला त्याहून जास्त भावली. तिच्यात घरातल्या वस्तू घेऊन मुलं आणि मोठी माणसं काहीतरी करून बघत, एकमेकांशी बोलत. ती लागायची तेव्हा खोलीतल्या आज्यासुद्धा टीव्हीकडे वळून बसत. शाळा पुन्हा सुरू झाल्या आणि त्या दोन वर्षांत घरांबद्दल आपण जे शिकलो, ते सगळं बाजूला पडलं. राहिला तो फक्त व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप.

माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी आठवड्याला एकच काम देते. ते एका वाक्यात मावलं पाहिजे आणि मुलाला ते घरी जाऊन तोंडी सांगता आलं पाहिजे. एकदा सांगितलं की घरातलं किंवा ओळखीतलं सगळ्यात मोठं भांडं शोधा, त्यात किती तांबे पाणी मावेल याचा आधी अंदाज करा, मग मोजून बघा, आणि ते भांडं कुठून आलं हे घरी विचारा.

एकाच्या आजीनं माळ्यावरचं घंगाळ खाली काढायला लावलं. तिच्या लग्नात आलेलं, वापर बंद होऊन बरीच वर्षं झालेली. दुसऱ्याच्या घरी मोठं भांडं म्हणजे प्लास्टिकचा ड्रम, आणि तोही त्यानं मोजला, कारण नळाला पाणी यायची वेळ होती आणि ड्रम भरायचाच होता. तिसरी मुलगी आजोबांचं बोट धरून तांबट आळीत गेली. पेशव्यांच्या काळात वसलेली ही आळी तिच्या घरापासून पाच मिनिटांवर, पण हातोड्यांचा आवाज ऐकत तिथून जाण्यापलीकडे ती आत कधी गेली नव्हती. तिथल्या कारागिरानं तिला मठारकाम दाखवलं. साधा पत्रा हातानं वाकतो, ठोकून ठोकून मठारलेला वाकत नाही, हे तिनं स्वतः दाबून पाहिलं. भांडं वजनावर विकलं जातं, हेही तिला तिथेच कळलं.

मग सगळे जमले आणि भांडण झालं. ज्याचं घंगाळ होतं त्याचे तांबे कमी आणि ज्याचा ड्रम लहान दिसत होता त्याचे जास्त, हे कसं? बराच वेळ एकमेकांना खोटं पाडणं चाललं. शेवटी चौथीतला एक मुलगा म्हणाला, तुझा तांब्या माझ्या तांब्यापेक्षा मोठा असेल. दोन्ही तांबे आणले, शेजारी ठेवले. आता मोजायचं कशानं? कोणीतरी दुधाची अर्ध्या लिटरची रिकामी पिशवी धुऊन आणली. तिसरीच्या गणितात धारकता हा भाग आहे. लिटर हे माप कशासाठी लागतं, हे मी वर्षानुवर्षं फळ्यावर समजावलं होतं. त्या संध्याकाळी मला काही समजवावं लागलं नाही.

तांबट आळीत गेलेली ती मुलगी लिहायला फार मंद आहे. शाळेत तिची वही नेहमी अर्धी. पण मठारकाम सांगायला उभी राहिली तेव्हा ती थांबेचना, कारागिराचा हात कसा चालतो हे करून दाखवत होती, आणि बाकीची मुलं तिला प्रश्न विचारत होती. भांड्याला आतून कल्हई का करतात, आंबट त्यात का ठेवत नाहीत, कथील म्हणजे काय. त्यातल्या काही प्रश्नांची उत्तरं ती पुढच्या आठवड्यात विचारून आली. तिच्या आजोबांना इतकं बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

कसब्यातून पाच-दहा मिनिटं चाललं की भिडे वाड्याची जागा लागते. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी 1848 मध्ये मुलींची शाळा तिथे सुरू केली. जोतीरावांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाबद्दल निवेदन दिलं, तेव्हा मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, इतिहास, भूगोल आणि व्याकरण यांच्या बरोबरीनं हिशेब, शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य हेही शिकवावं, असं मांडलं. मुलाच्या घरात आणि घरच्या धंद्यात जे लागतं त्याला शाळेत जागा मिळावी, ही मागणी या गावात इतकी जुनी आहे.

लेखी गृहपाठ कमी करायचा म्हटलं की पालक काय म्हणतात, हे मला चांगलं ठाऊक आहे. लिहायला दिलं नाही तर शाळेत शिकवतात तरी काय, असं ते विचारतात. मूल मोबाईल घेऊन बसेल, असंही म्हणतात. त्यांची भीती खरी आहे. स्वतःला शिकायला मिळालं नाही, निदान पोराची वही तरी भरलेली दिसावी, ही त्यामागची ओढ मला दिसते, आणि कोणत्याही आदेशानं ती एका दिवसात जाणार नाही. म्हणून गृहपाठ एकदम बंद, अशी घोषणा नको. तशा घोषणांची चर्चा यापूर्वीही झाली आणि विरली. 2023-24 मध्ये पाठ्यपुस्तकांना 'माझी नोंद' ची कोरी पानं जोडून दप्तर हलकं करायचं ठरलं. मुलं पुस्तकंही नेत राहिली आणि वह्याही, आणि 2025 च्या सुरुवातीला तो निर्णय मागे घ्यावा लागला. पालकांना आणि शिक्षकांना काढून घेतल्याच्या जागी दुसरं काय, हे दिसलं पाहिजे.

सराव लागतो, हेही मान्य. वाचन सरावाशिवाय येत नाही. त्यासाठी रोज दहा मिनिटं मोठ्यानं वाचणं पुरे, आणि ते ऐकायला घरातलं कोणीही चालतं. ज्या आजीला अक्षरओळख नाही तिलाही गोष्ट कळते, आणि नातू कुठे अडखळला हे तर तिला नक्कीच कळतं. पण वाचायला पाठ्यपुस्तकाखेरीज काही हवं ना? पुष्कळ शाळांत गोष्टींची पुस्तकं कपाटात आहेत आणि पुस्तक फाटलं तर भरून द्यावं लागेल म्हणून कपाटाला कुलूप आहे. मुलाच्या हातून फाटलेलं पुस्तक हा वापराचा पुरावा मानावा, त्याची वसुली शिक्षकाकडून होऊ नये, एवढं आपण लिहून दिलंत तर ती कुलपं निघतील.

तेव्हा महोदय, माझं मागणं असं आहे. पहिली-दुसरीला लेखी गृहपाठ नाही आणि तिसरी ते पाचवीला सगळे विषय मिळून आठवड्याला दोन तास, हा 2020 च्या धोरणातला नियम राज्याच्या स्पष्ट सूचनेच्या रूपात, सर्व माध्यमांच्या आणि सर्व व्यवस्थापनांच्या शाळांपर्यंत जावा. गृहपाठासाठी काही विकत आणावं लागू नये, छापून घ्यावं लागू नये आणि मोबाईल लागू नये. आठवड्याला एक पुस्तक आणि विचारून, मोजून, पाहून करायचं एक काम घरी जावं, आणि सोमवारचा पहिला तास मुलांचं ऐकण्यासाठी मोकळा ठेवावा. त्या तासाला मूल जे सांगेल ते तोंडीकाम आणि निरीक्षण या साधनांखाली नोंदलं जावं, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्यांनी ती नोंद तक्त्याइतकीच ग्राह्य धरावी. ही शेवटची ओळ आदेशात आली नाही, तर बाकी सगळं कागदावरच राहील, हे मी नोकरीच्या अनुभवावरून सांगते. यासाठी नवं ॲप नको आणि नवं प्रशिक्षणही फारसं नको. साधनं आपल्याच मूल्यमापनात आधीपासून आहेत.

दिवाळीच्या सुट्टीत मुलांच्या हाती पुन्हा शुद्धलेखनाची आणि पाढ्यांची जाड वही दिली जाते, आणि सुट्टीच्या शेवटच्या दोन दिवसांत ती घरातल्या मोठ्यांकडून भरली जाते. आपली सूचना त्या वह्या वाटल्या जाण्याआधी शाळांत पोहोचावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
कसबा पेठेतील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका